मामाच्या डब्यातला गार शिरा

रिबेकाचा फोन आला तेव्हा मी नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाशी भांडत होते. भांडण हा माझा आवडता व्यायाम. निवृत्त झाल्यापासून तर दुसरा व्यायामच उरलेला नाही, त्यामुळे फोन वाजतोय हे कळूनही मी तो दोनदा वाजू दिला. रिबेका म्हणजे आमच्या हॉस्पिटलची आजची इन्चार्ज सिस्टर, माझ्याच हाताखाली तयार झालेली. एरवी ती "मॅडम, जेवलात का?" इथून सुरुवात करते. त्या दिवशी म्हणाली, "मॅडम, अलियम्मा सिस्टर गेल्या. सकाळी चहा केला, गॅस बंद केला, खुर्चीत बसल्या त्या बसल्याच..." आणि मला आधी काय सुचावं? गॅस बंद केला होता! जातानासुद्धा नियम मोडला नाही या बाईनं. मला चक्क हसू आलं, मग रडू आलं, आणि मग दोन्ही एकदमच यायला लागलं. तो बिचारा नळवाला पाना तिथंच टाकून निघून गेला. दुसऱ्या दिवशी बायकोला बरोबर घेऊन आला.

त्याला आता सात आठवडे झाले. अलियम्मा सिस्टर केरळच्या. विशीत नर्सिंग करून थेट अकोले तालुक्यात, राजूरच्या एका छोट्या दवाखान्यात आल्या. तिथं कुणी त्यांना मराठी शिकवली नाही. बाजाराच्या दिवशी डोंगरातून उतरणाऱ्या बायका, त्यांची पोरं, त्यांचे ताप आणि त्यांची बाळंतपणं, यांच्याकडून त्यांनी मराठी उचलली. त्यामुळे पुढं आमच्या नेवासा रस्त्यावरच्या हॉस्पिटलात त्या रुजू झाल्या तेव्हा (हॉस्पिटलचं नाव मी घेत नाही, माझं पेन्शनीतलं आयुष्य सुखाचं चाललंय) सगळे बघतच राहिले. ही उंच, काळीसावळी, कडक इस्त्रीची मल्याळी बाई तोंड उघडायची आणि आतून राजूरची म्हातारी बोलायची! "व्हय", "न्हाई", "लई". आणि सगळ्यांना सरसकट "तू". मोठ्या डॉक्टरांना राऊंडला त्या म्हणाल्या, "डाक्टर, तू थांब जरा. पेशंटला आधी पानी पिऊ दे." डॉक्टर थांबले. आम्ही पोरी तोंडात पदर कोंबून साठवणीच्या खोलीत पळालो. मी तेव्हा नवीन होते, नर्सिंगमध्ये त्यांच्याहून चार वर्षांनी ज्युनिअर, आणि हसण्यात सगळ्यांच्या पुढं.

त्या हसण्यात सगळंच निरागस होतं असं मात्र म्हणवत नाही. आम्ही त्यांच्या माघारी "केरळवाली" म्हणायचो. गावात त्यांना खोली मिळेना. एका घरमालकिणीनं दारातच विचारलं, "मासे खाता का?" सिस्टर म्हणाल्या, "व्हय. तू पन काल खाल्ले, पायरीपर्यंत वास हाय." खोली गेलीच! मग हॉस्पिटलच्या मागच्या क्वार्टरमधली, पंप लागला की थरथरणारी खोली त्यांना मिळाली आणि तिथं त्यांनी नोकरी संपेपर्यंत संसार केला. एकटीचाच. लग्न का नाही केलं असं मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, "माजी नाईट ड्यूटी ठरलेली हुती, नवरा कवा बघायचा?"

बाळंतपणात त्यांचा हात धरणारी नर्स मी आजवर पाहिलेली नाही. पण आमच्याकडं रीत अशी, की बाळ ज्या सिस्टरच्या हातात येतं तिची ओटी भरायची, खण-नारळानं. एकदा एका घरची आजी लेबर रूमच्या दारात आडवी उभी राहिली. "ही आमच्यातली न्हाई. हिच्या हातात आमचं बाळ पयलं जायचं न्हाई. ती दुसरी हाय ना, तिला बोलवा." ती दुसरी म्हणजे मी. मला तेव्हा धड येत काय होतं? सिस्टर माझ्या मागं उभ्या राहिल्या आणि कानात सांगत गेल्या, "डोकं धर... वढू नको... आता खांदा... शाबास." बाळ माझ्या हातात आलं, आजी खूश झाली, दुसऱ्या दिवशी माझी ओटी भरली. हिरवा, जरीकाठी खण. आणि मी तो घेतला. गप्प घेतला! संध्याकाळी जीव राहवेना म्हणून तो खण त्यांच्यापुढं ठेवला आणि म्हटलं, "हा तुमचा आहे." त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, म्हणाल्या, "याचा ब्लाऊज मला चोळीसारखा आखूड व्हईल," आणि तीन दिवसांत त्याचं इवलंसं टोपडं शिवून त्या बाळाच्या डोक्यावर घातलं. आजीला कुणी शिवलं ते कळलंही नाही. "काय गोड दिसतंय," म्हणाली. तेव्हापासून ठरूनच गेलं. खण माझ्या ओटीत पडायचे, टोपडी त्या शिवायच्या. पंचक्रोशीतली निम्मी पोरं त्यांच्या हातची टोपडी घालून घरी गेली असतील.

मग इन्चार्जची जागा रिकामी झाली. नंबर त्यांचा, हे हॉस्पिटलातल्या मांजरालाही ठाऊक होतं. पण ट्रस्टींच्या केबिनमध्ये मला बोलावलं आणि सांगितलं, "बाहेरच्या बाईच्या हाताखाली आपल्या मुलींना कसं वाटेल? तुम्ही आपल्या आहात." मी काय म्हणाले असेन? मी "हो" म्हणाले. घरी पेढे आणले. दोन रात्री झोप लागली नाही हे खरं, पण तिसऱ्या दिवशी लागली हेही खरंच. सिस्टर स्वतःहून माझ्या टेबलापाशी आल्या. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. त्यांनी टेबलावर एक पेन्सिल आणि एक खोडरबर ठेवला. "ड्यूटी लिस्ट कवा पन पेनानं लिवू नको, मंदा. बायकांच्या घरात रोज काय तरी निगतं. खोडायला आलं पायजे." बस्स. तेवढंच बोलल्या आणि बेडपॅन धुवायला गेल्या, कारण त्या आठवड्यात ते काम आधीच्या इन्चार्जनं त्यांच्या नावावर टाकलेलं होतं.

एकदा वॉर्डात कुणा नातेवाइकानं तक्रार केली. सिस्टर अत्यवस्थ पेशंटच्या उशाशी डोळे मिटून उभ्या राहतात, काहीतरी पुटपुटतात, धर्म बदलायचा डाव दिसतो म्हणे. वरून हुकूम आला, गळ्यातली क्रॉसची साखळी ड्यूटीवर घालायची नाही. हुकूम सांगायला कोण? मी! माझ्या गळ्यात मंगळसूत्र, हातात बांगड्या, कपाळाला टिकली, आणि मी त्यांना सांगतेय की दागिने चालत नाहीत. त्यांनी शांतपणे साखळी काढली, युनिफॉर्मच्या खिशात टाकली आणि खिशावर दोनदा थोपटलं. "त्याला खिशात चालतंय," म्हणाल्या. "लई साधा हाय तो." मला त्या क्षणी त्यांचा रागच आला होता. असल्या वेळी माणसानं भांडावं, मी असते तर छत डोक्यावर घेतलं असतं! पण ते मी म्हणू शकत होते, कारण मला भांडणाची भीती नव्हती. भांडले असते तरी मला कुणी "तुमच्या गावी जा" म्हणणार नव्हतं. हे कळायला मला फार वर्षं लागली.

रिबेका आमच्याकडं लागली ती शिकाऊ म्हणून. नेवासा तालुक्यातल्याच एका खेड्यातली, पाच पिढ्या तिथंच नांदलेलं ख्रिस्ती घर. तरी तिला येणारा-जाणारा विचारायचा, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" ती म्हणायची, "त्या वडाच्या पलीकडल्या." तर ही रिबेका एकदा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "मॅडम, येत्या रविवारी ईस्टर आहे. पहाटेची उपासना असते. सुट्टी मिळेल?" मी नेहमीसारखी कडाडले. रविवारची सुट्टी ही घरसंसार असणाऱ्यांची, हा माझा नियम. मुलांच्या शाळा बंद, नवरे घरी, पाहुणे... शेजारी अलियम्मा सिस्टर लसींच्या फ्रिजचं तापमान वहीत लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पोरीला दे सुट्टी. तिची ड्यूटी मी करते." मी म्हटलं, "तुमची तर आहेच ना सकाळची... आणि सिस्टर, तुमचाही तोच सण ना?"

"व्हय," त्या म्हणाल्या आणि वही मिटली.

त्या दुपारी मी जुन्या ड्यूटी लिस्टची फाइल काढली. ईस्टरची तारीख दर वर्षी बदलते, म्हणून रिबेकाला मोबाईलवर एकेक वर्षाची तारीख बघायला बसवलं. ती तारीख सांगायची, मी पान उलटायचे. अलियम्मा, सकाळ. अलियम्मा, सकाळ. अलियम्मा, सकाळ. मी इन्चार्ज झाल्यापासूनची अकरा वर्षं, माझ्याच अक्षरात. त्याआधीची दुसऱ्यांच्या अक्षरात. दिवाळीत त्या ड्यूटीवर, कारण "तुमची कुठं दिवाळी असते?" नाताळात त्या ड्यूटीवर, कारण "तुमचं इथं कोण आहे?" आणि ईस्टर रविवारी पडतो, त्याची तर दखलच नाही. पेन्सिल होती, खोडरबर होता, दोन्ही त्यांनीच दिलेले. मी एकदाही खोडलं नव्हतं. रिबेकानं मोबाईल खाली ठेवला. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही.

तशीच उठून त्यांच्या खोलीवर गेले. पंप चालू होता, भांडी थरथरत होती. मी जवळजवळ ओरडलेच, "बोलला का नाहीत कधी? एवढी वर्षं तोंड शिवलं होतं का?" त्या टोपडं शिवत होत्या. सुईत दोरा ओवून झाल्यावर म्हणाल्या, "पयल्या वर्सी बोलली हुती. तू म्हनली, सिस्टर, रविवारी सगळ्यांचीच कामं असत्यात." मला ते आठवतसुद्धा नव्हतं! मी माफी मागायला लागले, रडायला लागले, तर मलाच दटावलं, "लई बोलती तू. चा घे."

त्या आठवड्याची लिस्ट आधीच लागली होती. तरी मी ती भिंतीवरून ओरबाडून काढली आणि नवी लिहिली, पेनानं. ईस्टर रविवार: अलियम्मा, सुट्टी. रिबेका, सुट्टी. सकाळची ड्यूटी: मंदाकिनी. इन्चार्जनं रविवारी ड्यूटी करायची पद्धत नव्हती, ट्रस्टींचा फोन आला. मी त्यांना जे सांगितलं ते इथं छापण्याजोगं नाही.

पण माझं कसं असतं, एकदा अंगात आलं की पुरतं येतं. नुसती सुट्टी देऊन माझं समाधान होईना. कॅलेंडरात शुक्रवारी लाल अक्षरात 'गुड फ्रायडे' दिसला. गुड म्हणजे चांगला, चांगला म्हणजे सण, सण म्हणजे गोडधोड. साजूक तुपातला शिरा केला, काजू-बेदाणे घालून, आणि माझ्या लग्नातल्या डब्यात भरला. डब्यावर अक्षरं कोरलेली, 'चि. मंदास मामाकडून सप्रेम भेट'. पोरींनी वॉर्डात फुगे लावले. सिस्टर दारातून आत आल्या तशा आम्ही सगळ्या टाळ्या वाजवून ओरडलो, "हॅपी गुड फ्रायडे!" त्या एकेका फुग्याकडं बघत राहिल्या. रिबेका नेमकी सुट्टीवर, म्हणजे आम्हाला अडवणारं कुणी नाही. मी डबा पुढं केला. त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला, "लई छान," म्हणाल्या, "मागनं खाते." आणि दिवसभर पाण्याचा घोटही घेतला नाही. मला वाटलं, पोट बिघडलं असेल.

रविवारी मी सकाळची ड्यूटी करत होते. साडेआठला सिस्टर चर्चमधून थेट वॉर्डात आल्या. क्रीम रंगाची जरीकाठी साडी, केसांत गजरा, गळ्यात ती साखळी, उघडी, बाहेर. वॉर्डात मी त्यांना युनिफॉर्मशिवाय त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्या सरळ लसींच्या फ्रिजपाशी गेल्या. आता हा फ्रिज म्हणजे काय ते सांगायला हवं. त्यात लसींशिवाय काही ठेवायचं नाही हा सिस्टरांचा नियम, आणि तो त्यांनी रक्त आटवून पाळलेला. एका डॉक्टरांनी थंड पाण्याची बाटली ठेवली तर ती त्यांच्यादेखत बेसिनमध्ये ओतली होती. त्याच फ्रिजच्या खालच्या कप्प्यातून, लसींच्या खोक्यांच्या मागून, त्यांनी माझ्या मामाचा डबा काढला!

"शुक्रवारपासनं हितं हाय," म्हणाल्या. "खोलीत ठिवला असता तर आंबला असता. तू केला हुता, आंबू कसा देऊ?" झाकण उघडलं. शिऱ्याची वीट झाली होती, वर तुपाचा पांढरा थर. चमचा आत जाईना, तर त्यांनी जीभ दाबायची लाकडी पट्टी घेतली आणि तिनं खणून खणून खायला लागल्या. "मंदा," घास चावत म्हणाल्या, "शुक्रवारी आमचा देव मेला. आमी उपास करतो, रडतो. तू शिरा वाटला, फुगे लावले." धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं असं वाटलं. आणि त्या हसायला लागल्या. अशा हसल्या, अशा हसल्या, की जीभ दाबायची पट्टी हातातून पडली, बाळंतिणी उठून बसल्या, पलीकडच्या वॉर्डातून डॉक्टर धावत आले. "पन बरुबर केलं तू," डोळे पुसत म्हणाल्या, "तिसऱ्या दिवशी तो उठलाच ना. तुजा शिरा फकस्त दोन दिवस आधी आला."

डबा परत आला तो अप्पम भरून. त्यांचे ते पांढरेशुभ्र, कडेला जाळीदार, मध्ये फुगलेले अप्पम. भरून आलेला डबा रिकामा कसा पाठवणार? मी पुढच्या ईस्टरला पुन्हा शिरा दिला, या वेळी रविवारी, आणि गरम. अशी त्या डब्याची ये-जा पडली ती पडलीच. "मामाला सांग, डबा मिळाला," असा दर वर्षी निरोप यायचा. मामा कधीचे वारले होते, पण तेही सांगून उपयोग नव्हता. माझी निवृत्ती होईपर्यंत ईस्टरची सकाळ मी केली, आणि मुलींनी आपापसात सण बदलून घ्यायला सुरुवात केली. रिबेका दिवाळीत उभी राहायची, ईस्टरला कुणी पाटील नाहीतर शिंदे तिच्यासाठी.

सिस्टर मात्र स्टाफ नर्स म्हणूनच निवृत्त झाल्या. ती जागा मी त्यांना परत देऊ शकले नाही, आणि हे मला सलतं, सलत राहणार. पुढं माझी जायची वेळ आली आणि केबिनमध्ये पुन्हा तीच चर्चा निघाली, "रिबेका हुशार आहे, पण..." तेव्हा मी खुर्ची ओढून बसले. म्हटलं, 'पण'च्या पुढचं वाक्य पूर्ण करा, मी ऐकतेय. रिबेकाच्या हातात चाव्या पडल्या त्या संध्याकाळी सिस्टर आमच्या घरी आल्या आणि पहिल्यांदाच मला मिठी मारली. कडक इस्त्रीची मिठी! निवृत्त झाल्यापासून त्या रिबेकाच्या मावशीच्या दोन खोल्यांत राहत होत्या. गावी जायचं नाव काढलं की म्हणायच्या, "माजी दोन हजार पोरं हितं हायत, तिकडं कोन हाय?" त्यांच्या मातीला ती पोरं आली होती खरंच, मिशा फुटलेली, कडेवर आपापली पोरं घेतलेली. एकीनं तर पर्समधून जुनं, रंग उडालेलं टोपडं काढून मला दाखवलं.

मी आणि रिबेकानं त्यांची खोली आवरली. आवरायला होतं तरी काय? साड्या, बायबल, शिवणाचा डबा. फळीवर मामाचा डबा होता. या वेळी भरून पाठवायची पाळी त्यांची होती. मी झाकण उघडलं, तर तळाशी मूठभर साखर. रिबेका म्हणाली, "त्यांच्याकडं असला की त्या नेहमी साखर घालून ठेवायच्या. म्हणायच्या, दुसऱ्याचा डबा एक दिवस पन रिकामा ठिवू न्हाई."

परवाच्या ईस्टरला त्याच साखरेत भर घालून मी शिरा केला आणि सकाळी डबा घेऊन वॉर्डात गेले. भिंतीवरची लिस्ट वाचली. रिबेका, सुट्टी, पेनानं लिहिलेली. ती उपासनेहून यायला अवकाश होता. ड्यूटीवर एक नवी मुलगी होती, बावीस-तेवीसची, कुठल्याशा तांड्यावरून आलेली. त्या जुन्या शुक्रवारच्या आठवणीनं मी सहज म्हटलं, "बाळ, एवढा डबा त्या फ्रिजमध्ये ठेव गं तासभर." तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी कोण हे तिला माहीत नव्हतं.

"नाही मावशी, जमणार नाही," ती म्हणाली. "त्यात लसींशिवाय काही ठेवायचं नाही. अलियम्मा सिस्टरांचा नियम आहे."

"तू पाहिलंयस का गं त्यांना कधी?"

"नाही. पण नियम आहे."

मी आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलेलं नाही. त्या दिवशी मुकाट्यानं "बरं" म्हटलं आणि बाकावर बसले, डबा मांडीवर घेऊन, साडेआठ वाजेपर्यंत. शिरा अजून गरम होता.